स्टीलच्या सूर्यफुलाच्या उन्हाबाबत

प्रति,
मा. संचालक,
उद्याने व सार्वजनिक कला विभाग,
नगर कार्यालय, पाइक बेंड,
विस्कॉन्सिन.

विषय : मिलपाँड पार्कातील 'आर्डिसचे सूर्यफूल' हे शिल्प उतरवण्याबाबत, तसेच श्रीमती पा न्या शिओंग यांच्या वाफ्यावर काढलेली नोटीस रद्द होण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा स्वतःचाच जून महिन्यातील तक्रार अर्ज.
२) त्या अर्जावरून आपल्या विभागाने श्रीमती शिओंग यांना बजावलेली नोटीस.
३) अर्जदारास आलेले आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदया,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ऑर्लिन ग्रिंडे हा पाइक बेंडमध्येच जन्मला, इथेच वाढला आणि दूध साठवण्याच्या स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करता करता म्हातारा झाला. आसपासच्या बऱ्याच गोठ्यांमागे आजही त्याने जोडलेल्या टाक्या उभ्या आहेत, आणि त्यांतली एकही कधी गळली नाही असे तो चारचौघांत मोठ्या तोऱ्याने सांगत आला. या तोऱ्याचा पुढील हकिगतीशी संबंध असल्याने तो आधीच नमूद केला आहे.

२. अर्जदाराची दिवंगत पत्नी आर्डिस ही मिलपाँड पार्कातील सामुदायिक भाजीबागेत सात क्रमांकाचा वाफा कसत असे. अर्जदाराला बागकामातले ओ की ठो कळत नाही. एकदा त्याने तण समजून गाजरांची ओळच्या ओळ उपटली, तेव्हापासून "तू आपला कुंपणाबाहेरूनच बोल" अशी त्याला घरून ताकीद होती. आर्डिसच्या शेजारचा वाफा श्रीमती पा न्या शिओंग यांचा. त्या ह्मोंग समाजाच्या. लाओसमधून निर्वासित होऊन तरुणपणी इथे आल्या, त्यांची मुले इथल्याच शाळेत शिकली, आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्या या गावच्या आहेत. आर्डिसला त्या आपल्या भाषेत थोरली बहीण म्हणत आणि त्या नात्याने अर्जदाराला भावोजी. आर्डिसने शेवटच्या आजारपणात स्वतःच सांगून आपला वाफा पा न्यांच्या नावे करून दिला. अट एकच घातली. "बाकी काहीही पेर, माझी रुबार्ब तेवढी उपटू नकोस." रुबार्बचे ते आंबट लाल देठांचे बेट आर्डिसच्या सासूने, म्हणजे अर्जदाराच्या आईने, दिलेल्या कंदांतून वाढलेले आहे.

३. पत्नीच्या मागे अर्जदाराला घर खायला उठू लागले. हाताला एकच विद्या येत असल्याने त्याने तिच्या नावाने सूर्यफूल बनवायला घेतले. जुन्या टाकीचे बशीसारखे गोल टोक हे त्या फुलाचे तोंड. ते ठोकून ठोकून अधिक उथळ केले, भोवती पाकळ्या जोडल्या, दोन माणसांच्या उंचीचा दांडा केला. आर्डिस कारखान्यात डबा घेऊन येई तेव्हा नव्या टाकीत बघून केस सारखे करी आणि म्हणे, "तुमच्या कारखान्यात आरसा विकत घ्यायची गरज नाही." म्हणून अर्जदाराने त्या फुलाला असे पॉलिश केले की त्यात बघून केस विंचरावेत. शिल्प उभारताना आपल्या अभियंत्यांनी त्याचे तोंड रस्त्याकडे ठेवावे असे सुचवले होते. अर्जदार हट्टाला पेटला. फुलाने मान जराशी खाली घालून सातव्या वाफ्याकडेच बघितले पाहिजे, असे त्याने बजावले आणि तसेच करून घेतले. याची नोंद व्हावी, कारण पुढे जे झाले त्याला अभियंते जबाबदार नाहीत.

४. अनावरण ऑक्टोबरात झाले. शाळेचा बँड वाजला, आपण स्वतः भाषण केलेत, अर्जदार सर्वांसमोर रडला. बाग तोवर रिकामी झाली होती. हिवाळाभर फुलाच्या डोक्यावर बर्फाची टोपी होती आणि लोक तिचे फोटो काढत. शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला गेले की कोणीतरी अर्जदारासाठी ब्रँडी मागवी आणि म्हणे, "ऑर्लिन, गावाचं नाव काढलंस बघ!" अर्जदार नको नको म्हणत ती पीत असे.

५. मग उन्हाळा आला. अर्जदार दुपारचे जेवण ज्येष्ठांच्या सभागृहात घेतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावरून ऊन उतरेपर्यंत घरी आडवा होतो. त्यामुळे पार्कात त्याची फेरी संध्याकाळीच. जूनमध्ये त्याला दिसू लागले की पा न्यांच्या मांडवावरची चवळी करपते आहे. मोहरीचा पाला कागदासारखा होऊन गळतो आहे. ज्याला गाजर आणि तण यांतला फरक कळत नाही त्या अर्जदाराने कुंपणाला हात टेकवून सांगितले, "पाणी कमी पडतंय तुझ्या शेंगांना. सकाळी जरा लवकर येऊन मुळाशी घालत जा." पा न्या म्हणाल्या, "हो भावोजी, उद्या जास्त घालते." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अर्जदाराने कुंपणाबाहेरूनच, रिकाम्या हाताने, मनगट कसे वळवून झारी धरावी याचे प्रात्यक्षिक करून दाखवले. पा न्यांनी ते उभे राहून पाहिले आणि मान डोलावली. आर्डिस असती तर हिरवेगार ठेवले असते, असेही एकदा अर्जदार बोलून गेला. हे वाक्य अर्जदाराला अजूनही रोज आठवते.

६. याच सुमारास त्याला फुलाच्या दांड्याला सुतळीचा तुकडा आणि कपड्यांचा चिमटा अडकलेला सापडला. पुन्हा एकदा सापडला. दांड्याच्या पॉलिशवर सुतळीचा ओरखडा होता. अर्जदाराचे डोके फिरले. घरी जाऊन त्याने संदर्भ क्रमांक एकचा अर्ज लिहिला. त्यात "काही व्यक्तींना कलेची चाड नाही, त्या शिल्पावर धुणे वाळत घालतात" असे लिहिले, आणि त्याखाली "इथल्या रीतीभाती ठाऊक नसलेल्या लोकांना योग्य ती समज देण्यात यावी" असेही. अर्जदाराने नाव लिहिले नव्हते. परंतु सुतळी कोणाच्या वाफ्याकडे जात होती हे त्याला दिसत होते आणि 'इथल्या रीतीभाती' हे शब्द कोणाच्या दारात जाऊन पडतील हेही त्याला ठाऊक होते. न लिहिलेल्या नावाआड लपण्याचा प्रयत्न या अर्जात तो करू इच्छित नाही.

७. आपल्या विभागाने इतक्या तत्परतेने कारवाई करावी असे पूर्वी कधी घडल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी त्याने केलेला अर्ज अद्याप विचाराधीन आहे. तथापि या प्रकरणी श्रीमती शिओंग यांना तातडीने नोटीस गेली, की सार्वजनिक शिल्पाचा दुरुपयोग केल्याने हंगाम संपताच त्यांचा सातवा वाफा काढून घेण्यात येईल, आणि त्यांना खुलासा करायचा असल्यास लेखी करावा. अर्जदाराला आले ते अभिनंदनाचे पत्र. आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन सदर वाफा मोकळा करण्यात येत असून, त्या जागी फरशी घालून आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ एक सुंदर बाक बसवण्यात येईल, जेणेकरून नागरिकांना बसून शिल्प पाहता येईल, असे त्यात लिहिले होते. म्हणजे आर्डिसच्या आठवणीसाठी आर्डिसचीच बाग खणून काढण्याचे ठरले. अर्जदाराने ते पत्र शुक्रवारच्या जेवणाला नेऊन चार लोकांना वाचून दाखवले. त्यातली विसंगती त्या वेळी त्याच्या डोक्यात शिरली नाही, हेही तो येथे कबूल करतो.

८. जुलैच्या सुरुवातीस सभागृहातले वातानुकूलन यंत्र बिघडले आणि जेवण उरकताच सर्वांना घरी पाठवण्यात आले. घरी जाण्याऐवजी अर्जदार काठी टेकत पार्काकडे वळला. फाटकातूनच त्याला दिसले, की नोटीस आल्यावरही सूर्यफुलाच्या दांड्यापासून चवळीच्या मांडवापर्यंत दोरी ताणलेली आहे, तिच्यावर निळ्या फुलांची पलंगाची चादर आहे, आणि दोन बाजूंना पा न्या आणि श्रीमती बर्निता क्रूगर चिमटे लावत उभ्या आहेत. बर्निता या शाळेच्या बसच्या निवृत्त चालक. बागेच्या कमिटीचे काम त्या पाहतात आणि अर्जदाराला शाळेपासून ओळखतात. चोर मुद्देमालासह सापडावा तसा अर्जदाराला आनंद झाला. होय, आनंदच.

तो तिथवर जाऊन ओरडला, "लाज नाही वाटत? गेलेल्या बाईच्या नावाची वस्तू ती, तिच्यावर धुणं वाळत घालता?"

दोघी जागच्या जागी थिजल्या. बर्निता म्हणाल्या, "अरे ऑर्लिन, तू या वेळेला इथे कसा?" पा न्या घाईघाईने म्हणाल्या, "धुतली होती भावोजी, वाळायला टाकली. काढतेच आता." म्हणजे त्या क्षणीही त्यांनी खोटे बोलून दोष स्वतःकडे घेतला. अर्जदाराने तेवढ्यावर थांबायला हवे होते. त्याने चादर धरून ओढली. चिमटे उडाले आणि चादर त्याच्या हातात आली.

त्याबरोबर एक पांढराशुभ्र कवडसा त्याच्या मनगटावर येऊन बसला. मधमाशी डसली असे त्याला वाटले. हात झटकला तसा तो कवडसा खाली वाफ्यात पसरलेल्या पेंढ्यावर पडला, आणि बघता बघता पेंढ्यातून धुराची बारीक रेघ वर आली. पा न्यांनी तिच्यावर पाय दिला. सवयीने दिला, विझवल्यावर खाली बघितलेसुद्धा नाही. अर्जदाराने मान वर केली तर फुलाच्या तोंडाकडे बघवेना, सबंध सूर्य त्यात उतरला होता. मग त्याने वाफ्याकडे नीट पाहिले. प्लास्टिकची झारी एका अंगाने वितळून वाकली होती. चवळी करपली होती ती सरळ ओळीत नव्हती, सूर्य जसा सरकतो तशी धनुष्यासारखा बाक घेऊन करपत गेली होती. तहानलेले वेल असे करपत नाहीत.

९. पॉलिश केलेले टाकीचे टोक उन्हात ठेवायचे झाल्यास त्याचे तोंड जमिनीकडे करून ठेवावे, नाहीतर समोर जे असेल ते भाजेल, हा कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम आहे. अर्जदार स्वतः तो शिकला आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला शिकवत आला. आपल्या फुलाला तो नियम लागू पडेल हे त्याच्या मनातही आले नाही. त्याच्या लेखी ते टाकीचे टोक उरलेच नव्हते, ती आर्डिस झाली होती. हे कारण म्हणून मांडलेले नाही. फक्त घडले ते असे.

१०. बर्नितांनी अर्जदाराचे मनगट धरून त्याला नळाखाली नेले आणि पाणी सोडता सोडता बोलल्या. ते बोलणे जसेच्या तसे देणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो.

"पहिल्या उन्हाच्या दिवशी झारी वितळली तेव्हा मला वाटलं, कोणा पोरांची मस्ती आहे. दुसऱ्या दिवशी बसून बघितलं तर तुझं फूल. मी म्हटलं, ऑर्लिनला फोन करते. तर हिने माझा हात धरला. म्हणाली, भावोजींना सांगायचं नाही, त्यांनी तिथे बायको उभी केलीये. मग आम्ही पाळ्या लावल्या. रोज दुपारी चादर लावायची, तू यायच्या आधी काढायची. अख्खी बाग करतेय हे, तुला म्हणून सांगते. आणि तू संध्याकाळी येऊन हिला पाणी घालायला शिकवायचास! मी किती वेळा जीभ चावली असेल, माझं मला माहीत."

अर्जदाराने विचारले, चादर असूनही चवळी का करपली. बर्निता म्हणाल्या, "चादर एक आणि वाफा केवढा! कवडसा जिथे जास्त वेळ बसतो तिथे रुबार्ब आहे. ही म्हणाली, शेंगा पुढच्या वर्षी लावता येतील, ताईची रुबार्ब झाका."

नळाचे पाणी बराच वेळ वाहत राहिले. पाण्याच्या अपव्ययाबद्दल विभागाने अर्जदारास क्षमा करावी.

११. यानंतर दोन दिवस अर्जदार घराबाहेर पडला नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती. ज्या बाईच्या दुकानात ब्रेड घेतो तिचाही बागेत वाफा आहे. म्हणजे तीसुद्धा चादर धरून उभी राहिली असणार, आणि संध्याकाळी त्याला हसून सुटे पैसे देत असणार. सबंध गाव आपल्याला जपत होते आणि आपण गावावर रुसून तक्रारी लिहीत होतो, या विचाराने अर्जदार आरशासमोरही उभा राहू शकला नाही. तिसऱ्या दिवशी तो पा न्यांच्या घरी गेला. त्यांनी दार उघडले, बसायला सांगितले. अर्जदार बसला नाही. टोपी हातात धरून त्याने एका दमात सांगून टाकले, की नोटीस आली ती त्याच्याच अर्जामुळे आली.

पा न्या म्हणाल्या, "माहीत होतं."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तक्रार तुमचीच असणार. त्या फुलावर दुसऱ्या कोणाचा एवढा जीव आहे?"

अर्जदाराने 'रीतीभाती'चे वाक्य शब्दशः म्हणून दाखवले. ते सांगितल्याशिवाय कबुली पुरी होत नव्हती. पा न्यांच्या समोर काकड्या होत्या, त्यांतली एक त्यांनी उचलली आणि परत ठेवली. मग म्हणाल्या, "हे नव्हतं माहीत." अर्जदाराने मान खाली घातली. त्याला वाटले, आता जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "मी इथे आले तेव्हा दुकानात असलं बोलणारे पुष्कळ होते. तेव्हा भाषा येत नव्हती म्हणून कळायचं नाही. आता कळतं. तुमच्याकडून ऐकेन असं वाटलं नव्हतं, भावोजी." एवढे बोलून त्यांनी काकडी चिरली, मीठ लावले आणि ताटली अर्जदारापुढे सरकवली. "आणि खरं सांगू? राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. रोज पाण्याचं सांगायचात ना तुम्ही! झारी कशी धरायची ते शिकवलंत मला. मी चालायला लागले तेव्हापासून शेतात आहे. त्या दिवशी झारी तुमच्या डोक्यावर ओतावीशी वाटली होती."

अर्जदार म्हणाला की ओतायला हवी होती. पा न्या म्हणाल्या, "वितळलेली होती, नाहीतर ओतली असती." मग त्या हसल्या. अर्जदाराला हसता आले नाही. काकडी मात्र त्याने खाल्ली, कारण न खाणे हा आणखी एक अपमान झाला असता.

१२. यानंतर अर्जदार आपल्या कार्यालयात आला. खिडकीवरील तरुण कर्मचारी अत्यंत सौजन्याने वागले याबद्दल तक्रार नाही. अर्जदाराने विनंती केली, की त्याची तक्रार मागे घ्यावी. उत्तर मिळाले, "आजोबा, तक्रारीवर कारवाई झालीये. झालेल्या कारवाईला मागे घ्यायला रकाना नाही." अर्जदाराने विनवले, मग फूल तरी काढून नेऊ द्या. उत्तर मिळाले, की ते आता गावाचे आहे आणि देणगीच्या वेळच्या करारानुसार पुढील दहा वर्षे कोणालाही, स्वतः कलाकारालासुद्धा, त्यात बदल करता येणार नाही. अर्जदार म्हणाला, निदान खरकागद मारून त्याची चकाकी घालवू द्या, एका सकाळचे काम आहे. उत्तर मिळाले, की गावाच्या दिनदर्शिकेवर त्या चकाकीचाच फोटो आहे. शिल्पामुळे इजा होत असल्यास इजा झालेल्या व्यक्तीने, म्हणजे वाफाधारकाने, शिल्पाविरुद्ध लेखी तक्रार करावी, म्हणजे समिती पाहणी करील. तोच लेखी खुलासा नोटिशीलाही उत्तर म्हणून चालेल. अर्जदाराने आपले मनगट दाखवले. कर्मचाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि सांगितले, की अर्जदार हा कलाकार असल्याने त्याला स्वतःच्या कलाकृतीपासून झालेली इजा या प्रकारात मोडत नाही.

१३. तेव्हा अर्जदार पुन्हा पा न्यांकडे गेला आणि त्यांनी तक्रार लिहावी म्हणून विनवण्या केल्या. दोन ओळी पुरेत, त्यांचा वाफा वाचेल, असे परोपरीने सांगितले. पा न्यांनी ठाम नकार दिला. "आर्डिसताईचं नाव आहे त्याच्यावर. तिच्याविरुद्ध मी सही करू? वाफा गेला तर जाऊ दे. रुबार्ब मी खणून माझ्या अंगणात लावीन." अर्जदार म्हणाला, तक्रार ताईविरुद्ध नसून माझ्याविरुद्ध आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्याविरुद्ध तुम्हीच लिहा की. तुम्हाला छान लिहिता येतं तक्रारीचं." हा टोमणा रास्त असल्याने अर्जदाराने तो मान्य केला. प्रस्तुत अर्ज हा त्या टोमण्याचा परिणाम आहे.

१४. सध्याची परिस्थिती अशी, की नोटिशीत शिल्पाला काहीही बांधण्यास, टांगण्यास वा अडकवण्यास मनाई आहे. त्यामुळे दोरी लावता येत नाही, आणि ऊन तर नोटीस पाळत नाही. नियम वाचून पाहता माणसाने शिल्पासमोर हातात चादर धरून उभे राहण्यास कोठेही मनाई आढळली नाही. सबब अर्जदार दुपारची झोप सोडून रोज तेथे उभा राहतो. कवडसा सरकेल तसा सरकतो. बागेतील इतरांनी पाळी वाटून घेण्याची तयारी दाखवली, पण अर्जदाराने ती नाकारली. त्यावरून बर्निता त्याला गाढव म्हणाल्या. डॉक्टरांनीही तत्सम मत व्यक्त केले आहे. पा न्या मधून मधून गवती चहा घातलेले गार पाणी आणून देतात आणि चादर उंच धरा, खाली झुकतेय, असे दटावतात. अर्जदार धरतो.

बाहेरगावचे लोक फूल बघायला येतात तेव्हा चादरीमागच्या म्हाताऱ्यालाही बघतात. परवा एका कुटुंबाने विचारले, "हासुद्धा शिल्पाचाच भाग आहे का?" अर्जदाराचे कान तापले. तेवढ्यात वाफ्यात वाकलेल्या पा न्या मान वर न करता म्हणाल्या, "नाही हो, आमचे भावोजी आहेत." अर्जदाराला तक्रार अर्जातले आपले वाक्य आठवले, आणि चादर तोंडासमोर धरलेली होती हे बरेच झाले.

१५. तरी विभागास नम्र विनंती, की श्रीमती पा न्या शिओंग यांच्यावरील नोटीस विनाअट रद्द करावी आणि तसे त्यांना लेखी, दिलगिरीसह, कळवावे. दिलगिरीचा मजकूर विभागास अडचणीचा वाटत असल्यास अर्जदाराच्या नावाने पाठवावा. सातवा वाफा त्यांच्याकडेच ठेवावा, फरशी घालू नये, आणि पत्नीच्या स्मरणार्थ बाक नको. आर्डिस बागेत कधीही बसलेली नव्हती. शिल्प उतरवावे. ते उतरवण्यास क्रेनचा खर्च नको, कारण अर्जदाराने दांडा तळाशी बोल्टने जोडला आहे आणि कोणता बोल्ट आधी सोडायचा हे त्याला ठाऊक आहे. उतरवणे शक्यच नसल्यास त्याचे तोंड जमिनीकडे वळवावे. मान खाली घातलेले सूर्यफूल वाईट दिसते असे कोणी म्हटल्यास, पिकलेले सूर्यफूल तसेच असते असे पा न्या सांगतात, आणि बागकामाबाबत त्यांचा शब्द अर्जदार अंतिम मानतो.

१६. निर्णय होईपर्यंत अर्जदार चादर धरून उभा राहीलच. करपलेल्या मांडवाशेजारी पा न्यांनी चवळीचे बी पुन्हा टोचले असून दोन पाने फुटली आहेत. आळ्यात पाणी किती घालायचे याबद्दल अर्जदार मत देत नाही. त्याच्या उभे राहण्याने शिल्पदर्शनात अडथळा येतो असे विभागाचे मत झाल्यास जरूर नोटीस काढावी. मात्र या खेपेस ती ऑर्लिन ग्रिंडे या नावाने काढावी आणि दुपारी पार्कातच आणून द्यावी. दोन्ही हात गुंतलेले असल्याने ती कोणीतरी वाचून दाखवावी लागेल.

आपला नम्र व शरमिंदा,

ऑर्लिन ग्रिंडे
पाइक बेंड
दि. २३ जुलै २०१९

सोबत :
१) मनगट भाजल्याबाबत डॉक्टरांचा दाखला.
२) वितळलेल्या झारीचा फोटो. (झारी पा न्यांनी देण्यास नकार दिला. तिच्यात त्यांनी पुदिना लावला आहे.)
३) निळ्या फुलांची चादर पुरावा म्हणून जोडता आली नाही. ती रोज दुपारी लागते.